चुकलेल्या ठोक्याचा पत्ता

'काळजाचा ठोका चुकला' असे आपण किती सहज म्हणून जातो! दहावीचा निकाल लागायचा असतो, पोरगी रात्रीच्या गाडीने निघालेली असते आणि फोन लागत नाही, आपण म्हणतो, ठोका चुकला. पण काही माणसांचा ठोका खरोखरच चुकतो. दिवसातून पाच-दहा वेळा नव्हे, हजारो वेळा. आणि गंमत म्हणजे या माणसांना आपले दुखणे धड सांगता येत नाही. सांगितले तरी घरच्यांना ते खरे वाटत नाही.

हैदराबादच्या मलकपेठेत एका हृदयतपासणी केंद्रात मी गेली सव्वीस वर्षे ईसीजी काढण्याचे काम करतो. मी डॉक्टर नव्हे. पट्टी काढायची, नीट काढायची आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायची, एवढेच माझे काम. बीदर, भालकी, औराद, बसवकल्याण, इकडे उदगीर, देगलूर या भागातली माणसे आमच्याकडे रोज येतात. कधी काळी हा सगळा मुलूख एकाच निजामी राज्यात होता. १९५६ साली भाषेप्रमाणे राज्यांच्या रेघा ओढल्या गेल्या. पण दुखणे आले की आपली माणसे अजूनही हैदराबादचीच गाडी धरतात. त्यांच्यासाठीच हा लेख.

सांगायचे कोणत्या भाषेत?

आपल्याकडची एखादी आजी टेबलावर झोपली की मी विचारतो, "अव्वा, काय होतंय?" ती म्हणते, "एदी डवडव अंतद." तिची सून मराठीत म्हणते, "छातीत धडधडतं म्हणतात." बाहेर बसलेला तेलुगू माणूस 'गुंडे दड' म्हणतो, आणि जुन्या मलकपेठेतल्या खाला 'दिल घबरा रहा' म्हणतात. तेलुगूतले 'गुंडे' आणि कन्नडमधले 'गुंडिगे' ही एकाच घरची भावंडे. दोन्हींचा अर्थ हृदय.

शब्द चार असले तरी त्यामागची तक्रार एकच असते असे मात्र नाही. कोणाची धडधड सलग असते, जिना चढल्यासारखी. कोणाला मध्येच एक ठोका गळाल्यासारखे वाटते, क्षणभर छातीत पोकळी होते आणि मग आतून कोणी ढुशी मारल्यासारखा एक जोरदार ठोका येतो. कोणाला गळ्यापाशी काही फडफडल्यासारखे होते. डॉक्टरांच्या दृष्टीने हे तीन वेगळे निरोप आहेत. घरातल्या दुभाष्याने तिन्हींचे भाषांतर 'घाबरल्यासारखं होतं' असे करून टाकले, की अर्धी माहिती तिथेच सांडते. म्हणून माझी विनंती असते, की आजीला तिच्याच बोलीत बोलू द्या. शब्द सापडत नसेल तर टेबलावर बोटाने वाजवून दाखवायला सांगा. ठक-ठक-ठकठक... ठक! असे कोणी वाजवून दाखवले की आमचे निम्मे काम होते.

बोलावले नसताना आलेला ठोका

हृदयाचे चार कप्पे आपण शाळेत शिकलो. वरचे दोन छोटे, खालचे दोन मोठे. या खालच्या कप्प्यांना पुस्तकात जवनिका किंवा निलय म्हणतात. ठोक्याचा हुकूम उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यातून निघतो, मधल्या चौकीवर किंचित थांबतो आणि मग विजेच्या खास वाटांनी एकदम खाली पसरतो. मिनिटाला सत्तर धरले तरी दिवसाकाठी हे एक लाख ठोके झाले. एक लाख वेळा हुकूम सुटतो आणि एक लाख वेळा तो पाळला जातो.

कधी कधी मात्र खालच्या कप्प्यातली एखादी छोटीशी जागा हुकमाची वाट न पाहता स्वतःच ठिणगी टाकते. मग वेळेआधीच एक ठोका पडतो. त्या वेळी हृदय पुरते भरलेले नसते, त्यामुळे तो ठोका मनगटावर लागतही नाही. त्यानंतर हृदय जरा जास्त वेळ थांबते. तीच ती 'पोकळी'. त्या थांबण्यात रक्त जास्त भरते, म्हणून पुढचा ठोका दणकून पडतो. तीच ती 'ढुशी'. म्हणजे माणसाला जो चुकल्यासारखा वाटतो तो ठोका खरे तर चुकलेला नसतो; आगाऊ आलेला असतो.

यात घाबरण्यासारखे किती? हृदय एरवी धडधाकट असेल तर बहुतेकदा फारसे काही नाही. असे तुरळक ठोके निरोगी माणसांतही पडतात. जागरण, फार चहा-कॉफी, तंबाखू, दारू, थायरॉईडचा बिघाड, जुलाबांनंतर रक्तातले पोटॅशियम कमी होणे अशा कारणांनी ते वाढतात आणि कारण गेले की कमीही होतात. पण ज्याला पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, ज्याच्या हृदयाचे स्नायू दुबळे झाले आहेत, त्याच्या बाबतीत याच ठोक्यांकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. आणि ठोके फारच जास्त असतील तर चांगले हृदयही त्यांनी थकते. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातील डॉक्टरांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, एकूण ठोक्यांपैकी साधारण २४ टक्क्यांहून अधिक ठोके असे आगंतुक असतील तर हृदयाची ताकद घटण्याचा धोका बराच वाढतो असे दिसले होते. दहा टक्क्यांच्या आसपासही काहींना त्रास होतो. म्हणून दोन प्रश्न महत्त्वाचे ठरतात. असे ठोके किती? आणि ते येतात कुठून?

पहिल्याचे उत्तर होल्टर देते. कमरेला लावायचे हे छोटे यंत्र चोवीस तास प्रत्येक ठोका टिपून ठेवते. नॉर्मन होल्टर या अमेरिकन संशोधकाचे पहिले यंत्र पाठीवर वाहावे लागे आणि त्याचे वजन सुमारे ३८ किलो होते! आज ते काडेपेटीएवढे झाले आहे. पण साधे होल्टर ठोके मोजते. त्यांचा पत्ता त्याला नीट सांगता येत नाही. पत्ता सांगते ती आपली जुनी, साधी, बारा रेघांची ईसीजी पट्टी.

बारा गल्ल्यांतली मिरवणूक

ईसीजीच्या वेळी हातापायांना चार आणि छातीवर सहा अशी दहा ठिकाणी बटणे लावतात. त्यांतून बारा चित्रे मिळतात. वीज तीच, ठोका तोच. पाहण्याच्या जागा बारा.

समजा, गावात बसवजयंतीची मिरवणूक निघाली आहे आणि तुम्ही आपल्या घरात बसला आहात. वाजंत्रीचा आवाज वाढत गेला तर मिरवणूक तुमच्याकडे येते आहे, कमी होत गेला तर ती दूर चालली आहे. आता बारा गल्ल्यांतल्या बारा घरांना विचारा, 'तुमच्याकडे आवाज वाढला की कमी झाला?' बाराही उत्तरे एकत्र मांडली की मिरवणूक कोणत्या देवळापासून निघाली ते घरबसल्या सांगता येईल. ईसीजीचे तेच आहे. वीज बटणाच्या दिशेने आली तर रेघ वर जाते, दूर गेली तर खाली.

छातीवरचे पहिले बटण, व्ही-१, मधल्या हाडाच्या उजव्या कडेला, चौथ्या फासळीखालच्या फटीत असते. हृदयाचा उजवा कप्पा पुढे आणि डावा मागे असतो. म्हणून आगंतुक ठोका व्ही-१ मध्ये खाली गेलेला दिसला तर उगम बहुधा उजव्या कप्प्यात किंवा मधल्या पडद्यात. वर गेलेला दिसला तर डाव्या कप्प्यात. पायाकडून वर पाहणाऱ्या तीन रेघा आहेत. त्यांत तो ठोका उंच उभा असेल तर वीज वरून खाली आली, म्हणजे उगम कप्प्याच्या छतापाशी. उलटा असेल तर उगम तळाशी. छातीवरच्या सहा बटणांपैकी नेमक्या कोणत्या बटणापाशी रेघ खालची वर होते तेही पाहतात. दुसऱ्याच बटणाला झाली तर डावीकडचा संशय, चौथ्याला झाली तर उजवीकडचा. तिसऱ्याला झाली तर मोठे मोठे डॉक्टरही चष्मा पुसतात!

आणखी एक खूण आहे. नेहमीचा ठोका विजेच्या खास वाटांनी जातो, म्हणून त्याचे चित्र सडपातळ असते, कागदावरच्या तीन बारीक चौकोनांच्या आत बसणारे. आगंतुक ठोका पायवाटेने, स्नायूतून स्नायूत, रखडत जातो. म्हणून त्याचे चित्र रुंद आणि बेढब.

आता तुमच्या लक्षात येईल, की आम्ही तंत्रज्ञ फासळ्या मोजायला एवढा वेळ का घेतो. व्ही-१ आणि व्ही-२ ही बटणे घाईत एक-दोन फासळ्या वर लागली तर चित्र बदलते आणि उगम डावीकडे की उजवीकडे याचा अंदाजच हलतो. बायका संकोचतात, आम्हालाही भान ठेवावे लागते. पण ताईंनो, ते बटण योग्य जागी लागू द्या. हवी तर बाई तंत्रज्ञ मागा. जागेशी तडजोड नको.

मलकपेठेचा निजाम आणि क्लोरोफॉर्म

हृदयाच्या या लहरीपणाशी हैदराबादचे नाते फार जुने आहे. मलकपेठेत जिथे आज कांद्याच्या गोण्या उतरतात तो बाजार महबूब मॅन्शनच्या आवारातला. शेजारीच घोड्यांच्या शर्यतीचे मैदान. दोन्ही सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या काळातले. याच निजामाने एका वैद्यकीय वादासाठी तिजोरी उघडली होती. त्या काळी शस्त्रक्रियेसाठी क्लोरोफॉर्म हुंगायला देत आणि अधूनमधून एखादा रोगी टेबलावरच अचानक दगावे. श्वास आधी थांबतो की हृदय, यावर जगभर भांडण होते. रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी यांचे ठाम मत, की श्वासच आधी थांबतो. श्वासावर नजर ठेवा, हृदयाची चिंता करू नका.

१८८८ आणि १८८९ साली हैदराबादेत दोन क्लोरोफॉर्म कमिशने बसली. दुसऱ्यासाठी 'लॅन्सेट' या प्रसिद्ध नियतकालिकाने लॉडर ब्रंटन यांना लंडनहून पाठवले, त्यासाठी निजामाने हजार पौंड दिले. चारशेहून अधिक जनावरांवर प्रयोग झाले आणि निकाल लॉरींच्या बाजूने लागला. जगातली पहिली महिला भूलतज्ज्ञ म्हणून जिचे नाव घेतले जाते ती रूपाबाई फर्दुनजी लॉरींचीच विद्यार्थिनी, आणि या कामात तिचाही हात होता.

निकाल मात्र अपुरा होता. १९११ साली गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले, की हलक्या क्लोरोफॉर्ममध्ये, विशेषतः अॅड्रिनलीनची भर पडली, तर खालचे कप्पे आधी भलतेसलते ठोके देऊ लागतात आणि मग नुसतेच थरथरत राहतात. रोगी जातो तो असा. हैदराबादच्या मंडळींना हे दिसले नाही, कारण पाहायला यंत्रच नव्हते. माणसाच्या हृदयातली वीज लंडनमध्ये ऑगस्टस वॉलर यांनी १८८७ साली पहिल्यांदा टिपली होती, पण ती अगदी ओबडधोबड. चांगले यंत्र आइन्थोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केले. त्याबद्दल त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. नाडीवर बोट ठेवून कळत नाही ते रेघेत दिसते, हा धडा आमच्या गावाने असा महागात शिकला.

औरादच्या बाई

आता एक गोष्ट सांगतो, ज्यांची आहे त्यांना विचारूनच. नाव तेवढे देत नाही. औराद तालुक्यातल्या प्राथमिक शाळेतल्या एक शिक्षिका, वय एक्केचाळीस. माहेर मराठी, सासर कन्नड. तीन वर्षे त्यांचा ठोका अडखळत होता. वर्गात पाढे म्हणून घेताना मध्येच टेबल धरून उभे राहावे लागे. गावाकडे एकदा पट्टी निघाली होती. 'टेन्शन घेऊ नका' असे सांगून गोळ्या दिल्या गेल्या. घरात हळूहळू 'बाईंच्या मनाचे खेळ' असे ठरून गेले. मग पायऱ्या चढताना दम लागू लागला, तेव्हा मलकपेठेत राहणाऱ्या भावाने त्यांना आणले.

सकाळी मी दहा मिनिटे यंत्र चालू ठेवले. एकही आगंतुक ठोका नाही! त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. "भाऊ, आता तुम्हीही म्हणणार, काही नाही म्हणून."

मी म्हटले, "ताई, त्रास कधी जास्त होतो?"

"चार वाजल्यानंतर. शाळा सुटताना."

"मग चार वाजताच काढू."

साडेचारला पुन्हा टेबलावर घेतले. दर चार-पाच ठोक्यांनी एक रुंद, बेढब ठोका येत होता. सगळे एकाच वळणाचे. होल्टरमध्ये बावीस टक्के निघाले, म्हणजे दिवसाला बावीस हजारांच्या आसपास. हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद ४२ टक्क्यांवर आली होती. ती पंचावन्नच्या पुढे असायला हवी.

डॉक्टरांनी तीन वर्षांपूर्वीची पट्टी मागितली. पिशवीतून मूळ पट्टी निघाली ती कोरी! ईसीजीचा कागद उष्णतेवर छापणारा असतो. उन्हात, प्लास्टिकच्या पाकिटात काही वर्षांत अक्षरे उडून जातात. पण बाईंनी तेव्हा वैद्यकीय रजेच्या अर्जाला त्या पट्टीची झेरॉक्स जोडली होती. यजमान परत गेले आणि शाळेच्या दप्तरातून ती घेऊन आले. तिच्यातही तोच ठोका होता, हुबेहूब. व्ही-१ मध्ये खाली, पायाकडच्या तिन्ही रेघांत उंच, चौथ्या बटणाला वळलेला. डॉक्टर म्हणाले, "तीन वर्षं एकाच ठिकाणाहून येतोय. उजव्या कप्प्याचं छत, फुप्फुसाकडे जाणाऱ्या झडपेच्या जरा खाली."

सासूबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी पट्टीवरच्या रुंद ठोक्यावर बोट ठेवून मुलाला कन्नडमध्ये विचारले, "हे तिच्या मनातलं आहे का?" मुलगा काही बोलला नाही. मीच म्हणालो, "नाही अव्वा, हे कागदावर आहे."

ठिणगीच्या जागेपर्यंत

आधी गोळ्या देऊन पाहिल्या. फरक पडला तो थोडाच. मग शहरातल्या दुसऱ्या मोठ्या रुग्णालयात अॅब्लेशन ठरले. जांघेतल्या शिरेतून एक बारीक तार हृदयात सरकवतात. तिच्या टोकाने आतल्या भिंतीला जागोजागी स्पर्श करत वीज कुठे सर्वांत आधी उमटते ते शोधतात. बाहेरच्या पट्टीवर ठोका दिसायला लागण्याच्या आधी, सेकंदाच्या सुमारे तीन शतांश भागाइतका आधी, तो ज्या जागी जाणवतो तीच त्याची जागा. १९९० च्या दशकापासून संगणक याचा रंगीत नकाशा करून देऊ लागला. सर्वांत आधीची जागा लाल, मागाहूनच्या जागा पिवळ्या, हिरव्या, जांभळ्या.

पण यात एक अडचण येते आणि ती बाईंच्या वेळीही आली. टेबलावर झोपवले, गुंगीचे औषध दिले आणि आगंतुक ठोके गप्प झाले. चोर घरात नसताना चोराचा नकाशा कसा काढणार? अशा वेळी औषधाने ठोके चेतवून पाहतात, आणि दुसरी एक युक्ती करतात. तारेच्या टोकातून स्वतःच हलकी वीज देऊन ठोका उठवायचा आणि त्याचे चित्र रुग्णाच्या मूळ पट्टीशी ताडून पाहायचे. बाराही रेघा जुळल्या की जागा सापडली. बाईंची साडेचारची पट्टी आणि रजेच्या अर्जाची झेरॉक्स त्या दिवशी पडद्याशेजारी लावून ठेवली होती, असे तिथल्या तंत्रज्ञ मित्राने मला नंतर सांगितले. ज्वारीच्या दाण्याएवढी जागा भाजली गेली. काम तेवढेच.

सगळ्यांचे इतके सोपे नसते. उगम महाधमनीच्या झडपेपाशी असेल तर हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीचे तोंड जवळच असते. आधी तिचा फोटो काढून अंतर बघावे लागते. डाव्या कप्प्यातल्या हलत्या स्नायूवर असेल तर तारेचे टोक स्थिर राहत नाही. बाहेरच्या पृष्ठभागाजवळ असेल तर आतून दिलेली उष्णता तिथवर पोचत नाही. म्हणूनच पत्ता आधी कळलेला बरा. कोणत्या वाटेने जायचे, धोका किती, यश येण्याची आशा किती, हे तो सांगतो.

मुळाशी भलतेच

कधी पत्ता शोधता शोधता दुसराच आजार हाती लागतो. २०११ साली हैदराबादच्या केअर रुग्णालयातील डॉ. सी. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका नामांकित हृदयरोग नियतकालिकात काही रुग्णांची हकीकत मांडली. खालच्या कप्प्यातून येणारी वेगवान धडधड होती, हृदयाची ताकद मात्र चांगली होती, आणि छातीच्या मधल्या भागात गाठी सुजलेल्या होत्या. गाठींचा तुकडा तपासला तेव्हा काहींमध्ये क्षयरोग निघाला, तर काहींमध्ये सारकॉइडोसिस नावाचा आजार. हृदयाच्या स्नायूतच दाह होता आणि तिथून ठिणग्या उडत होत्या. अशांना नुसते भाजून भागत नाही; क्षयावर क्षयाची औषधे, दुसऱ्यावर स्टिरॉईड द्यावी लागतात. आपल्या भागात क्षय घराघरांना ठाऊक आहे. तो हृदयाच्या ठोक्यात लपून बसू शकतो हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. डॉक्टर एमआरआय किंवा पेट स्कॅन सांगतात ते याच शंकेपोटी.

घरच्यांसाठी

बाई सहा महिन्यांनी आल्या तेव्हा ताकद ५६ टक्के झाली होती आणि आगंतुक ठोके शेकड्यात एकही उरला नव्हता. शाळा चालू आहे. त्यांच्या निमित्ताने वाचकांना चार गोष्टी सांगतो.

ठोका चुकल्यासारखा वाटला तर वेळ लिहून ठेवा, आणि तपासणीची वेळ शक्यतो त्याच वेळेची घ्या. त्रास चालू असताना निघालेली बारा रेघांची पट्टी सोन्याच्या मोलाची; तिची त्याच दिवशी झेरॉक्स काढा, मोबाईलमध्ये फोटो ठेवा. दवाखान्यात 'जपून ठेवा' म्हणून दिलेली मूळ पट्टी कपाटात पांढरी होऊन जाते, हे विसरू नका. शस्त्रक्रियेच्या खर्चाला सरकारी योजना आहेत, पण कर्नाटक, महाराष्ट्र, तेलंगण यांच्या योजना आणि रुग्णालयांच्या याद्या वेगवेगळ्या. गाडीत बसण्याआधी चौकशी करा.

चक्कर येऊन माणूस कोसळला, पळताना किंवा काम करताना शुद्ध हरपली, दम लागू लागला, पूर्वी झटका येऊन गेला असेल, किंवा घरात कोणी तरणेताठे माणूस अचानक गेले असेल, तर मात्र चार वाजण्याची वाट पाहू नका. तडक दवाखाना गाठा.

आणि घरातली सून, आई, अव्वा, आजी म्हणाली की 'छातीत काही तरी होतंय', तर 'मनाला लावून घेऊ नकोस' हे उत्तर सर्वांत शेवटी द्या. त्याआधी तिच्या मनगटावर तीन बोटे ठेवा आणि पुरते एक मिनिट, घड्याळ बघत, गप्प बसा. त्यातून आजार कळेलच असे नाही. पण तिचे म्हणणे कोणी तरी ऐकून घेतले, हे तिला कळेल. आणि तपासणीची वाट तिथूनच सुरू होते.